लाल गोळी आणि दुखऱ्या हिरड्या

सरकारी योजनांच्या इतिहासात लोहाच्या गोळीइतके दीर्घायुष्य फार थोड्या गोष्टींना लाभले असेल. गर्भवती स्त्रिया आणि बालके यांना लोह व फॉलिक आम्ल देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. त्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या आणि संपल्या, नियोजन मंडळही इतिहासजमा झाले. गोळी मात्र टिकून राहिली. २०१८ साली ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने तिला नवा साज चढविण्यात आला. लहान मुलांसाठी गुलाबी, शाळकरी वयासाठी निळी आणि गर्भवतींसाठी लाल असे तिचे रंगही ठरले. असे असूनही २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ रक्तक्षयी आढळल्या. २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ५३ होता. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात तो ४८ वरून ५४ वर गेला.

बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरची ही मोजणी सदोष आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. शिरेतून घेतलेल्या रक्तावर आधारलेल्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण बरेच कमी निघाले. परंतु मोजपट्टी दुरुस्त केल्याने आकडा खाली आला तरी प्रश्न नाहीसा होत नाही. गेल्या अर्धशतकात एवढ्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्यांतील लोह गेले कुठे?

या प्रश्नाला शासनयंत्रणेचे उत्तर ठरलेले असते : बायका गोळ्या खात नाहीत. पाचव्या पाहणीचाच दाखला द्यावयाचा तर १८० दिवस गोळ्या घेणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण देशात अवघे २६ टक्के होते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, पोट बांधून येते. मूल अंगाने मोठे होऊन बाळंतपण अडेल अशीही धास्ती असते. तेव्हा हे उत्तर खोटे नाही. मात्र ते फार सोयीचे आहे. त्यामुळे ज्या स्त्रीने गोळ्या खरोखरच नेमाने घेतल्या आणि तरीही जिचे हिमोग्लोबिन वर सरकले नाही, तीही खोटारडी ठरते. आशा सेविकेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे गोळ्या दिल्याची खूण असते, तिच्या पदरी मात्र दटावणी येते. अशा स्त्रीला कोणी तोंड उघडावयास सांगितले आहे काय, हा विचार सहसा होत नाही. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली जाते, नखे पाहिली जातात. हिरड्यांतून महिनोन्‌महिने येणारे रक्त, हलणारे दात, तोंडाची दुर्गंधी यांचा रक्तक्षयाशी संबंध असू शकतो, हे तपासणाऱ्याच्या आणि जिची तपासणी होते तिच्याही ध्यानी नसते.

हा संबंध समजण्यासाठी शरीरातील लोहाचा ताळेबंद पाहावा लागतो. नव्या तांबड्या पेशी घडविण्यासाठी प्रौढ शरीराला दररोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून शोषले जाते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. उरलेले सारे जुन्या पेशींच्या मोडीतून परत मिळते. म्हणजे ही अर्थव्यवस्था आयातीवर कमी आणि चलनाच्या फिरतीवर अधिक चालते. या फिरतीवर यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाचे नियंत्रण असते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते वैद्यकाला ठाऊकही नव्हते. शरीरात कुठे दीर्घकाळ दाह चालू राहिला की दाहाचे रासायनिक निरोप यकृतापर्यंत पोचतात, हेप्सिडिन वाढते आणि लोहाचे दार बंद होते. आतड्यातून येणारे लोह रक्तात उतरत नाही. जुन्या पेशींची मोड साठविणाऱ्या पेशीही आपल्याकडील लोह सोडीत नाहीत. रोगजंतूंनाही वाढीसाठी लोह लागत असल्याने त्यांची रसद तोडण्याची ही शरीराची जुनी युक्ती आहे. चार दिवसांच्या तापात ती उपकारक ठरते. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर मात्र शत्रूबरोबर घरचीही उपासमार होते. तिजोरीत नोटा असाव्यात आणि बाजारात सुट्या पैशाची चणचण भासावी, तशी ही अवस्था असते. साठ मिलिग्रॅम लोहाची आणखी एक गोळी पोटात गेली, तरी तीही त्याच बंद दाराशी येऊन थांबते.

क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचे जुनाट विकार यांत असा रक्तक्षय होतो हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत आहे. हिरड्यांचे नाव या यादीत उशिरा आले. ज्याला घरोघरी पायोरिया म्हणतात, त्या विकारात दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पे पडतात, त्यांत जंतू घर करतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. सगळ्या दातांभोवतीची ही सुजलेली आतली त्वचा सपाट पसरून मोजली तर ती ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते, असा एक अंदाज आहे. एवढी जखम हातावर असती तर माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठता. तोंडातली जखम दिसत नाही, फारशी दुखतही नाही, आणि दात घासताना लाल थुंकी पडली तर ब्रश कडक असेल म्हणून सोडून दिली जाते. गर्भवतीच्या हिरड्या संप्रेरकांच्या बदलामुळे एरवीही हुळहुळ्या होतात, तेव्हा ‘या दिवसांत असे व्हायचेच’ म्हणून तिची समजूत काढली जाते. २००१ साली ॲमस्टरडॅम येथील संशोधकांना अशा रुग्णांत तांबड्या पेशी व हिमोग्लोबिन इतरांपेक्षा कमी आढळले. २०११ साली बंगळुरूच्या दंतवैद्यकांनी रक्तक्षयी रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर त्यांचे रक्त सुधारल्याचे दाखविले. ही सुधारणा काही डोळे दिपविणारी नव्हती. हिमोग्लोबिनचा काटा थोडा वर सरकला, इतकेच. पण सीमारेषेवर उभ्या असलेल्या बाईच्या बाबतीत तेवढ्या फरकानेही पारडे फिरते.

येथे थोडे सावध राहावे लागते, कारण तोंड आणि रक्त यांची सांगड घालण्याची ही पहिली वेळ नाही. पहिल्या वेळी मोठा अनर्थ झाला होता. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, त्या काळी प्राणघातक असलेला ‘पर्निशस ॲनिमिया’ हा रक्तक्षय किडलेल्या, पू धरलेल्या तोंडातून उद्भवतो. १९१० साली माँट्रियल येथे त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा बोलबाला झाला आणि पुढची दोन-तीन दशके इंग्लंड-अमेरिकेत कसल्याही दुखण्यावर दात उपटण्याची साथच आली. धडधाकट माणसांच्या बत्तिशा रिकाम्या झाल्या, पण रक्तक्षय तसाच राहिला. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी या रुग्णांना यकृत खाऊ घालून बरे केले. १९४८ मध्ये यकृतातील तो गुणकारी पदार्थ, म्हणजेच ब-१२ जीवनसत्त्व, वेगळा काढण्यात आला. हंटर यांनी पाहिलेली लालभडक, गुळगुळीत, आग होणारी जीभ हे रक्तक्षयाचे कारण नसून त्याच कमतरतेचे दुसरे रूप होते. कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली की किती दात जातात, याचा हा इतिहास आहे.

त्याच काळात मुंबईत दुसरे काम चालू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज संशोधिका येथील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासण्यासाठी आली. या स्त्रियांच्या रक्तात दोष होता तो ताटातला. यीस्टच्या अर्काने त्या सुधारतात हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज उपकेंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर जे ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, त्याचे मूळ असे परळ-लालबागच्या गिरणगावापर्यंत जाऊन पोचते. पोषणाचा सिद्धान्त मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तावर सिद्ध झालेला आहे, आणि हिरड्यांचा मुद्दा मांडताना त्याला धक्का लावण्याचे कारण नाही. मुद्दा आहे तो या दोहोंच्या फेऱ्याचा. लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ कमी पडले की जीभ सोलवटते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंड येते. तोंड दुखू लागले की खाणे आखडते. दाह वाढला की आहे ते लोहही अडकून पडते. एकदा हे चाक फिरू लागले की ते कोणत्या आऱ्यापासून फिरले, याचा निवाडा करीत बसण्यापेक्षा ते थांबविणे महत्त्वाचे असते.

महाराष्ट्रात या चाकाला वंगण घालणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटून पूड करावयाची, डबीत भरून ठेवावयाची आणि सकाळी बोटाने दातांना, हिरड्यांना चोळावयाची. कोकणापासून पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत आणि मुंबईच्या चाळी-झोपड्यांपर्यंत असंख्य स्त्रियांचा दिवस असा उजाडतो. पुष्कळदा तो दुपारी आणि रात्री पुन्हा एकेकदा ‘उजाडतो’. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा धूर न करणारी तंबाखू या ना त्या रूपाने वापरतो. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. कारखान्यातले मंजन त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आले, पण चुलीवर भाजलेली मशेरी त्याबाहेरच राहिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात तंबाखू लावणाऱ्या गर्भवतींचे हिमोग्लोबिन इतर गर्भवतींपेक्षा कमी आढळले. यात हिरड्यांचा वाटा किती आणि भूक मारली गेल्याचा किती, हे एका अभ्यासाने ठरत नाही. दोन्ही वाटा अखेर त्याच बाईच्या रक्तातून वसूल होतात एवढे खरे.

सुशिक्षित माणूस मशेरीकडे अडाणीपणा म्हणून पाहतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक कठोर हिशेब दिसतो. दात ठणकत असता तालुक्याच्या गावी जाण्याचे एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि खाजगी दंतवैद्याची फी यांची बेरीज एका बाजूला, आणि पाच-दहा रुपयांची तंबाखू दुसऱ्या बाजूला. तंबाखूने ठणका बधिर होतो, वर सकाळची भूकही मरते. ज्या घरात सगळ्यांची ताटे उचलल्यावर बाई जेवावयास बसते, त्या घरात भूक मरणे ही सोय असते. या हिशेबात चूक असलीच तर ती बाईने लावलेल्या किमतींत नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत आहे.

सुपारीचा मार्ग याहून वाईट. तोंडाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा जो विकार, त्याचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच केले होते. तेव्हा तो दुर्मीळ समजला जाई. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या, विदर्भात खर्रा आणि इतरत्र मावा बोकाळला, आणि हा विकार विशी-पंचविशीच्या पोरांत दिसू लागला. अशा रुग्णांत लोहाची कमतरता वारंवार आढळते. तिखट लागले की तोंडाची आग होते, भाकरी चावत नाही, घास आत जाण्यापुरताही जबडा उघडत नाही. मग चहात बुडविलेली खारी किंवा बिस्किटे हेच जेवण होते, आणि चहा स्वतः लोहाच्या शोषणात आडवा येतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते याचे उत्तर कोणत्याही बस-स्थानकाच्या भिंती देतील. साध्या सुपारीला तर त्या बंदीचा स्पर्शही झाला नाही.

हे सारे वैद्यकाला ज्ञात असता कार्यक्रमांत का उतरत नाही? कारण शासनाच्या जमाखर्चात माणूस लेखाशीर्षांमध्ये विभागलेला असतो. रक्त माता-बाल आरोग्याच्या खात्यात पडते. तोंडासाठी २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम आहे, पण ते वेगळे शीर्ष आहे आणि त्याची तरतूद इतर राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मानाने किरकोळ असते. रक्तक्षयाच्या कार्यक्रमात पोषणाखेरीज इतर कारणांचाही विचार करावा असे म्हटले आहे. त्यात हिवताप, सिकलसेलसारखे रक्ताचे आनुवंशिक विकार आणि फ्लोरोसिस यांचा नामनिर्देश आहे. म्हणजे पाण्यातील फ्लोराइडने डागाळलेले दात पाहण्याची मुभा आहे, त्या दातांखालची सुजलेली हिरडी मात्र यादीत नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ९० टक्के लोकांत हिरड्यांची काही ना काही तक्रार आढळली होती. त्यात नुसते कीटण साचलेलेही मोजले होते हे खरे, तरी ज्या विकाराचा पसारा एवढा मोठा, त्याची दखल या यादीने घ्यावयास हवी होती.

दंतवैद्यांचा तुटवडा हे याचे कारण आता सांगता येणार नाही. देशात तीनशेच्या वर दंतमहाविद्यालये आहेत, बहुतेक खाजगी, आणि त्यांतून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. ते शहरांत दाटीवाटीने दवाखाने थाटतात आणि काही वर्षे रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसतात. खेड्यातील रुग्णाला दंतवैद्य भेटतो तो बहुधा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तोही तेथील पद भरलेले असेल तर. आरोग्यविम्याच्या बहुतेक योजना दातांचा सर्वसाधारण उपचार वगळतात. एकीकडे बेकार दंतवैद्य आणि दुसरीकडे उपचाराविना हिरड्या. बाजारावर सोडलेल्या सेवेची ही ठरलेली गत आहे. गरज पुष्कळ आहे, पण तिच्यामागे क्रयशक्ती नसल्याने बाजार तिला मागणी म्हणून ओळखतच नाही.

रक्तक्षयाची किंमत मात्र बाजारात चुकविली जाते. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांतील मजुरांवरचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. रक्तक्षयी मजुरांना लोह दिल्यावर त्यांनी गोळा केलेला चीक वाढला आणि कामाच्या मापावर मिळणारी त्यांची मजुरीही वाढली. ऊसतोडीच्या फडात, विडीच्या सुपावर, कापूस वेचणीत ज्या बाईची मजुरी मापावर ठरते, तिच्या हिमोग्लोबिनचा प्रत्येक ग्रॅम असाच रुपयांत मोजला जातो. मोजदाद फक्त तिच्या हिशेबात होते. सरकारी अंदाजपत्रकात तिला जागा नाही.

यावर असे विचारले जाईल की, दात साफ केल्याने देशाचा रक्तक्षय जाणार आहे काय? जाणार नाही. पोषण पाहणीत मुलांमधील रक्तक्षयापैकी दाहाला जबाबदार धरता येईल असा हिस्सा लहानच निघाला. मासिक पाळी, बाळंतपणे आणि अपुरा आहार ही स्त्रियांच्या रक्तक्षयाची मोठी कारणे आहेत व राहतील. दंतवैद्यकाच्या नावावर अतिशयोक्तीही कमी नाही. हिरड्यांच्या उपचाराने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे टळतील अशी मोठी आशा एके काळी दाखविली गेली होती. अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती फोल ठरली. त्याच चाचणीने गर्भारपणात हिरड्यांवर उपचार करणे निर्धोक आहे हेही सिद्ध केले. ‘पोटुशी बाई दाताच्या डॉक्टरकडे नको’ ही घरोघरची समजूत पाहता हा निष्कर्ष कमी मोलाचा नाही.

तेव्हा मागणी माफक आहे. महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही तर त्या स्त्रीला वरच्या रुग्णालयात पाठवावे, असा दंडक आज आहेच. पाठविण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात तिच्या हिरड्या पाहाव्यात, जीभ पाहावी, आणि मशेरी लावता का हे दरडावून न विचारता, शेजारणीने विचारावे तसे विचारावे. यासाठी यंत्र लागत नाही, नवे पद लागत नाही. परिचारिकेला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरते. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवती स्त्रिया आरोग्य केंद्रात तपासणीसाठी येतात. दंतमहाविद्यालयांतील अंतर्वासितांना समाजात जाऊन काम करण्याची पाळी असतेच. त्यांतील दोघे जण त्या दिवशी आपली हत्यारे घेऊन केंद्रावर बसले, तर कीटण खरवडण्याचे काम तेथल्या तेथे होऊ शकते आणि बाईची दुसरी खेप वाचते. ज्यांचा विकार खोलवर गेला आहे त्यांना ग्रामीण रुग्णालयात जावेच लागेल; त्या खेपेचे एस.टी.भाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्या शीर्षाखाली द्यावयाची, हा वाद दोन खात्यांनी आपसांत मिटवावा. तो मिटेपर्यंत निदान नोंदवहीत गोळ्यांच्या रकान्याशेजारी हिरड्यांचा एक रकाना आखून घ्यावयास कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये.